गाडीपुढं चालणारे मास्तर

दारात गाडी उभी असताना सगळ्या भोरमध्ये चालत फिरणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी, बँडमास्तर. गाडीही साधीसुधी नव्हे. जपानी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि इंजिनाला टर्बो. कुणा हौशी माणसानं कधीकाळी ती बाहेरून मागवली, पळवली, आणि हौस फिटल्यावर शिवऱ्याला हायवेच्या कडेला एका गॅरेजमागं सोडून दिली. तिच्यावर वेल चढला होता. मास्तर एका लग्नात वाजवायला शिवऱ्याला गेले आणि परत आले ते टेम्पोमागं दोरीनं ही गाडी बांधून. वेल तसाच होता.

मी एसटीत कंडक्टर. आयुष्य माणसं मोजण्यात गेलेलं. ज्या गाडीत पुढं दोन माणसं बसतात आणि मागच्या सीटवर भाजीची पिशवीही आडवी ठेवावी लागते, तिला गाडी म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मास्तर, हिच्यात उभ्यानं किती घेणार?" मास्तर हसले नाहीत. एरवी ते फार हसायचे, पण गाडीवरून केलेली थट्टा त्यांना चालायची नाही.

मास्तरांची चाल मात्र सांगायला हवी, कारण मास्तरांच्या आधी माझी ओळख त्या चालीशी झाली. आमची एसटी बाजारातून स्टँडकडे निघालेली असायची आणि रस्त्याच्या बरोबर मधून एक उंच, वाळका माणूस पाठ ताठ करून चाललेला असायचा. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून शिव्या द्यायचा. माणूस तसूभर हलायचा नाही. कान तर इतके तिखट की चार घरं पलीकडच्या कुकरची कितवी शिट्टी झाली ते सांगायचे. मग हॉर्न का ऐकू येऊ नये? पुढं कळलं. जन्मभर हा माणूस वरातीच्या पुढं वाजवत चालला. मागं नवरदेवाची गाडी असते, ती हॉर्न देत असते आणि ती मागंच राहते, असं त्यांच्या पायांनी कायमचं ठरवून टाकलं होतं. भोरच्या सगळ्या ड्रायव्हरांना मास्तर पाठमोरे ओळखता यायचे.

वरच्या ओठाच्या मधोमध ट्रंपेटनं पाडलेली खूण, फुंकून फुंकून सैल पडलेले गाल, आणि बसल्या जागी मांडीवर ताल धरणारी बोटं. दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरनं फुंकणं बंद करायला सांगितलं. तसंही डीजे आल्यापासून बँडला बोलावणं कमीच. बँडची माणसं पांगली. मास्तरांनी ड्रम छताला टांगले आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये खाली ही गाडी घेतली.

मास्तरांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि त्यातून कुणी सुटत नसे. "कंडक्टर, सगळा हवेचा खेळ हाय," ते म्हणायचे. चूल पेटत नाही, हवा. पोट दुखतं, हवा. अमका निवडणुकीत पडला, हवा. माझ्या गुडघ्यालाही त्यांनी हवाच लावली होती. निम्म्या वेळा ते साफ चुकायचे, पण चुकताना त्यांचा आवाज जास्त ठाम व्हायचा. टर्बोच्या बाबतीत मात्र हवा खरी निघाली आणि मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. टर्बो म्हणजे काय ते त्यांनी मला पहिल्या आठवड्यात समजावलं. इंजिनातला जळका धूर बाहेर पडताना एक पंखा फिरवतो, आणि त्या पंख्याच्या जोरावर दुसरा पंखा ताजी हवा इंजिनात कोंबतो. जेवढा धूर जोरात, तेवढी हवा जास्त, तेवढी ओढ जास्त. "मंजे हिला फुंकायला माणूस लागत न्हाई. ही आपली आपुनच फुंकते," ते म्हणाले, आणि बोनेटवर असा हात फिरवला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

इंजिन सुरू झालं, पण ओढच नव्हती. मास्तरांनी निदान केलं, हवा गळतेय. मग त्यांच्या घरी एक रोजचा कार्यक्रम सुरू झाला. सुलाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या सीटवर बसायच्या. मास्तर बोनेट उघडून रबराच्या नळीचं एक टोक कानात घालायचे आणि दुसरं इंजिनभर फिरवायचे. "दाब!" वहिनी पेडल दाबायच्या. "सोड!" सोडायच्या. "अगं दाब म्हंजी सुराला दाब, जात्यावर बसल्यावानी नको!" वहिनींच्या एका हातात मोबाईल असायचा. त्यावर कुठल्याशा परदेशातला गोरा मिस्त्री अशाच गाडीचं इंजिन खोलत असायचा. मास्तरांनी आवाज बंद ठेवायला लावला होता. "त्याचं ऐकू नगं, हात बघ फकस्त." वहिनी हात बघायच्या. त्यांनी किती बघितलं होतं ते पुढं कळणार होतं.

गळती सापडली ती साबणाच्या पाण्यानं. टर्बोकडून इंजिनाकडं जाणारी ॲल्युमिनियमची जाड नळी तीन ठिकाणी कुजली होती, फेस लावला की बुडबुडे यायचे. तशी वळणदार नळी पुण्यातही मिळेना. मास्तर दोन दिवस रिकाम्या हातानं परत आले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेडमधून करवतीचा आवाज आला. मी डोकावलो तर मास्तरांनी बँडचा मोठा भोंगा मांडीवर आडवा घेतला होता. तोच तो, जो वाजवणारा माणूस अंगात घालतो आणि ज्याचं तोंड डोक्यावर सूर्यफुलासारखं उघडतं. त्याच्या पितळी नळ्यांची वळणं कापून मास्तर एकेक जुळवून बघत होते. जन्मभर स्वतःच्या हातानं वाद्यांच्या नळ्या डाग देऊन सांधलेला माणूस, त्यामुळं जोड असा बसला की केस घालायला जागा नाही.

पण तो भोंगा वाजवणारा बबन अजून गावात होता, टेम्पो चालवायचा. त्याला बातमी लागली आणि तो गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला.

"मास्तर, तुमी माझा भोंगा कापला?"

"बँडचा भोंगा व्हता."

"वीस वर्सं खांद्याव म्या वाहिला! तुमी मयताला तरी बोलवायचं मला!"

मास्तर वळले. वहिनींना म्हणाले, "दाब." वहिनींनी दाबलं. इंजिन चढलं, आणि त्याच्या वरून एक बारीक शिट्टी निघाली, वर वर जात राहिली, आणि वहिनींनी पाय काढताच मोठा उसासा टाकून थांबली. बबन तोंड उघडं ठेवून उभा. मग हळूच म्हणाला, "परत एकदा करा." त्या दिवसापासून तो दर रविवारी येऊन ती नळी चिंचेनं घासून लख्ख करायचा आणि टेम्पोत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा की मास्तरांच्या गाडीत माझा भोंगा आहे.

सीटा वहिनींनी शिवल्या. बँडचे मरून रंगाचे कोट पेटीत पडून होते, ते उसवून. सोनेरी गोंडे आणि पट्ट्या त्यांनी तशाच ठेवल्या, त्यामुळं त्या सीटवर बसलं की आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय असं वाटायचं. गाडीचे दिवे बोनेटमधून वर उघडणारे होते. त्यातला डावा उशिरा उघडायचा. बटण दाबलं की गाडी आधी डोळा मारायची आणि मग बघायची. गल्लीतल्या बायकांनी तक्रार केली तेव्हा मास्तरांनी तो दुरुस्त केला, पण मला म्हणाले, "तसा स्वभाव चांगला हाय तिचा."

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा सरळ विचारलं. मास्तर पाना पुसत होते. म्हणाले, "कंडक्टर, जल्मभर दुसऱ्याच्या गाडीपुढं चाललो. एकदा गाडीत बसून सासुरवाडीला जायचं हाय."

सासुरवाडी वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पाठीमागं. तिथली कथा वहिनींकडून मी ऐकली होती. लग्नाच्या दिवशी मास्तरांच्या बँडचा ट्रंपेटवाला आलाच नाही. नवरदेवाला, म्हणजे मास्तरांना, तो अर्धा सूर ऐकून राहवेना. मुंडावळ्या बाजूला सारून ते खाली उतरले, ट्रंपेट घेतला आणि स्वतःच्याच वरातीपुढं वाजवत मांडवापर्यंत गेले. मागं नवरदेवाची गाडी रिकामी. सासरच्या मंडळींनी गाडीतच नवरा शोधला. त्या दिवसापासून त्या गावात ते जावई कमी आणि वाजंत्री जास्त. मेहुण्याच्या पोरांच्या लग्नात आमंत्रण यायचं ते "दाजी, बँड घेऊन या" असं. पंगतीला ते बँडच्या पोरांबरोबर शेवटी बसायचे. कुणी मुद्दाम अपमान करत होतं असं नाही. त्यांना तसंच बघायची सवय झाली होती. मास्तरांनीही हसून घेतलं. पण वहिनींना ते लागायचं, आणि वहिनींना लागायचं म्हणून मास्तरांना जास्त लागायचं.

गाडी पळायला लागली, आणि तिथंच मास्तरांनी माती खाल्ली. भोंगवलीच्या एका ओळखीच्या माणसानं विचारलं, पोराच्या वरातीला द्याल का गाडी? मे महिना. मास्तर फुलून गेले. स्वतः चालवतो म्हणाले. मास्तरांनी आयुष्यात शेकडो वराती बघितल्या होत्या, पण सगळ्या पुढून. वरातीची गाडी मुंगीच्या पावलानं चालते, तिच्या पुढं माणसं नाचतात, आणि पळण्यासाठी बनवलेल्या इंजिनाला वारा लागत नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. हवेचा एवढा मोठा जाणकार, पण स्वतःच्या गाडीला हवा मिळेल का हे बघायला विसरला. पुढं डीजेची भिंतच्या भिंत चालली होती. तापमानाचा काटा चढायला लागला. नवरदेवाचा फेटा छताला टेकत होता म्हणून तो मान वाकडी करून बसला होता, आणि मागं त्याची करवली, गुडघे कानाशी घेऊन.

इंजिन वाचवायचा एकच उपाय मास्तरांना ठाऊक होता. गाडीचा हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनातली उष्णता आत येते. त्यांनी सोडला. भर मे महिन्यात, बंद काचांच्या आत. काच खाली करावी तर बाहेरून फटाके. मांडवापाशी दार उघडलं तेव्हा नवरदेव असा भिजलेला उतरला की त्याच्या आजीनं त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "रडू नगं रं, सगळ्यांचीच हुत्यात लग्नं." मी वऱ्हाडात होतो. मी मांडवामागं जाऊन पोट धरून हसलो, खोटं कशाला सांगू.

हीटर सोडूनही इंजिनाचं गॅस्केट उडालंच. गाडी बबनच्या टेम्पोमागं दोरीला लागून घरी आली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वहिनींचा आवाज भिंतीपलीकडून आला. "बास झालं आता! घर सगळं ग्रीसचं झालं. दसऱ्याच्या आत ही गाडी तिच्या पायानं माझ्या आईच्या दारात गेली तर ठेवा. न्हाईतर भंगारवाल्याला मीच बोलावणार." मास्तर म्हणाले, "व्हय." एवढंच. पावसाळाभर शेडमध्ये उजेड असेपर्यंत ठोकाठोक चालली, आणि वहिनी रागावलेल्या असूनही पेडल दाबायला बसतच होत्या.

भात पोटरीला आलं होतं तेव्हा आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मास्तर, वहिनी आणि मी. मला पाण्याचा कॅन धरायला घेतलं होतं. या गाडीत मागं शिरायचं तर पुढची सीट वाकवावी लागते, आणि एकदा शिरलं की पुढचं माणूस उतरल्याशिवाय सुटका नाही. पंचावन्न प्रवाशांची सवय असलेला मी कॅन मांडीवर घेऊन हनुवटी गुडघ्यावर टेकवली. मास्तरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. कापूरहोळपर्यंत ते सुतासारखे चालवत होते. हायवेला लागल्यावर त्यांनी वहिनींकडं एकदा बघितलं आणि पाय दाबला. शिट्टी चढली. माझी पाठ सीटमध्ये रुतली, कॅनमधलं पाणी माझ्या शर्टवर आलं. वहिनी "अगं आई गं" म्हणाल्या आणि मग इतक्या मोठ्यानं हसल्या की मास्तरही हसायला लागले. गाडीवरून हसताना मी त्यांना प्रथमच बघत होतो. रस्त्याच्या मधून चालायची सवय मात्र इथंही होती. मागचे ट्रक हॉर्न देऊन थकले, मास्तरांनी साइड दिली नाही.

नसरापूर गेलं, मार्गासनी गेलं, वेल्हे गेलं. पुढं चढ लागला. शेवटच्या मोठ्या वळणावर, गाव वरती दिसायला लागलेलं असताना, बोनेटखाली फट्कन आवाज झाला आणि गाडीतला जीवच गेला. काळा धूर. आम्ही तिघंही उतरलो. पितळी नळीचा रबरी जोड निसटला होता आणि त्याला आवळणारा पट्टा तुटला होता. दुसरा पट्टा आणलेला नव्हता. पाना, तेल, पाणी, साबण, वेलदोडा सगळं होतं, पट्टा तेवढा नव्हता. हवा गळत असताना ती गाडी सपाटीवर रांगली असती, त्या चढावर नाही.

बाजूच्या खाचरातून एक शेतकरी वर आला. गाडीकडं, सोनेरी गोंड्यांच्या सीटांकडं बघून म्हणाला, "नवरदेवाची गाडी का?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "नवरदेव ह्यो काय हितं."

त्यानं मास्तरांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "ट्रॅक्टर हाय माझा. दोरी बांधून वर वढतो की, दहा मिन्टात दारात."

मास्तर चाकाशी उकिडवे बसले होते. पांढरा शर्ट काळा झाला होता. त्यांना दम लागला होता. ते वर न बघता म्हणाले, "बांधा दोरी. सुले, तू जिकलीस. भंगारवाल्याला सांग."

मला फार वाईट वाटलं. त्या गाडीला मी दोन वर्षं नावं ठेवली होती, पण त्या क्षणी मी तिला खांद्यावर घेऊन वर गेलो असतो.

वहिनींनी पदर खोचला. "दोरी न्हाई लावायची," त्या शेतकऱ्याला म्हणाल्या. "दादा, तुमच्या पाण्याच्या मोटरीच्या पाइपाला पट्टा असंल ना आवळायचा? तेवढा सोडून द्या. सांजच्याला परत देते." मग मास्तरांकडं वळल्या. "उटा. आत बसा."

"अगं पण..."

"बसा म्हंते ना! आज दाबायचं तुमी. ऐकते मी."

मास्तर निमूट आत बसले. वहिनींनी जोड पुसला, रबर चढवलं, मोटरीचा पट्टा बसवला आणि पान्यानं आवळला. हात असे चालले होते की मोबाईलमधल्या गोऱ्या मिस्त्रीलाही बरं वाटलं असतं. नळीवरून साबणाचं बोट फिरवलं. "दाबा!" मास्तरांनी दाबलं. "सुराला दाबा, जात्यावर बसल्यावानी नको!" शेतकरी खो खो हसला. बुडबुडा आला नाही. शिट्टी चढली, खालच्या खाचरापर्यंत गेली.

मी मागं शिरलो, वहिनी पुढं बसल्या, आणि गाडी त्या चढानं जी सुटली ती गावात जाऊनच थांबली. पोरं धावत आली, कुत्री भुंकली. वहिनींच्या आईच्या दारात मास्तरांनी इंजिन बंद केलं. टर्बो सावकाश थांबत गेला. वहिनी उतरून आईकडं पळाल्या. मेहुणा खांद्यावरचा टॉवेल सावरत बाहेर आला. त्याची नजर आधी टेम्पो शोधत होती, बँडची माणसं शोधत होती. मग त्यानं स्टिअरिंगमागं दाजींना बघितलं.

"जय भीम, दाजी," तो म्हणाला, आणि पोराला ओरडून सांगितलं, "अरं पाय धुवायला पानी आण, जावई आलं." त्यानं स्वतः पुढं होऊन दार उघडलं. "उतरा की."

मास्तर उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून समोर बघत होते. म्हातारी सासू काठी टेकत गाडीपाशी आली, वाकून तिनं भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळला आणि कानशिलावर बोटं मोडली. मास्तरांनी बसूनच नमस्कार केला. त्यांचे डोळे भरले होते.

"दाजी, उतरा," मेहुणा पुन्हा म्हणाला. "आत चला, च्या ठेवलाय."

"येतो," मास्तर म्हणाले. "जरा बसू द्या."

सगळे थांबले. वहिनींच्या बाजूचं दार उघडंच होतं. सीट वाकवून मला तिकडून उतरता आलं असतं, आणि माझे गुडघे तर केव्हाचे ओरडत होते. पण मी कॅन मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.